रनिंग किती?

आमच्या घरात त्या उन्हाळ्यात पाणी चोरून प्यायलं जायचं. मायची, म्हणजे माझ्या आईची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि दिवसभरात तिला जेमतेम अर्धा लिटर पाण्याची मुभा होती. त्यातच चहा, त्यातच वरण, त्यातच गोळ्यांबरोबरचा घोट. जळगावचा वैशाख ज्याने अंगावर काढला आहे त्याला याहून जास्त सांगायची गरज नाही. पिंप्राळ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, दुपारी तव्यासारखा तापणारा. माठ पूर्वी स्वयंपाकघरात, मायच्या नजरेसमोर असायचा. तो नानांनी, माझ्या वडिलांनी, उचलून मागच्या दारी मोरीच्या भिंतीआड नेऊन ठेवला. नाना एसटीत ड्रायव्हर. ड्यूटी करून, घामाने पाठीला चिकटलेल्या खाकी कपड्यांत ते यायचे आणि पुढच्या दाराने आत न येता घराला वळसा घालून मागे जायचे. आवाज होऊ नये म्हणून तांब्या उंच न धरता बारीक धारेने पाणी प्यायचे. पण तहानलेल्या माणसाच्या घशाचा आवाज व्हायचाच. आत खाटेवर पडलेली माय त्यांना इथेच बसून प्या म्हणून सांगायची, "पी ल्या ना आठे बशीसन. मी काय तुमना तांब्यावर डोळा लावीसन बठेल शे का?" मग रेल्वे फाटकाकडून एखाद्या मालगाडीची धडधड यायची आणि ती लांबत लांबत संपेपर्यंत आम्ही तिघंही ती ऐकत बसायचो.

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे लिहिताना मी बहुतेक बोलणं पुस्तकी मराठीत आणलं आहे, पण मायची काही वाक्यं मला तशी आणता आली नाहीत. आणून पाहिली, ती तिची राहिली नाहीत.

तिचं खाणंही तसंच झालं होतं. मीठ बंद, उडदाची डाळ बंद, आणि केळी तर विषासारखी वर्ज्य. केळीच्या मुलखात राहून केळी बंद. रावेरकडचा एक ट्रकवाला नानांचा मित्र होता, तो येता-जाता अर्धा घड आमच्या ओट्यावर टाकून जायचा. त्याला कोणी सांगितलं नाही की आता टाकू नकोस. माय तो घड शेजारी वाटून टाकायची, मला एक ठेवायची आणि मी खाताना समोरून उठून जायची. एवढं असून स्वयंपाक मात्र तिने शेवटपर्यंत सोडला नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळायची तेव्हा तिच्या सुजलेल्या मनगटावर परातीची कड उमटायची. तव्यावर मिरच्या भाजल्या की सगळी गल्ली खोकायची. ठेच्यात मीठ बरोबर पडलंय का हे चाखायला ती मला हाक मारायची. मी "थोडं कमी आहे" म्हटलं की बोटाच्या चिमटीत मीठ धरून क्षणभर त्याच्याकडे बघायची आणि मगच टाकायची. आज माझ्या स्वयंपाकघरात मी मिठाची बरणी उघडते तेव्हा कधीकधी मलाही तसं थांबायला होतं. माझी मुलगी म्हणते, "आई, मोजतेस काय?"

रक्त धुणारं यंत्र तेव्हा जळगावात नंबर लागण्याइतकं मोकळं नव्हतं. धुळ्याला एका दवाखान्यात मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार मिळाले. जळगाव ते धुळे, मध्ये एरंडोल, पारोळा. बसने अडीच-तीन तास जायला, तितकेच यायला, आणि मध्ये चार तास यंत्रावर. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ते वर्ष मी जवळजवळ धुळ्याच्या बाकावरच काढलं. नानांनी डेपोत विनंती करून त्या दोन दिवसांची धुळ्याची गाडी मागून घेतली. डेपोतली माणसं भली होती, त्यांनी दिली. म्हणजे माय नानांच्याच गाडीने धुळ्याला जायची. ड्रायव्हरच्या मागच्या बाजूचं पहिलं बाकडं तिचं आणि माझं. लग्नानंतर वीस वर्षांत ती नानांच्या गाडीत कधी बसली नव्हती. नवरा गाडी चालवताना कसा दिसतो हे तिने पहिल्यांदा पाहिलं ते आजारपणात. पहिल्या दिवशी एरंडोलपर्यंत ती नानांच्या मानेकडेच बघत होती. मग मला हळूच म्हणाली, "घरमा इतला बोलतस, आठे एक शब्द नही."

ते तीन-चार महिने चाललं. पण यंत्रावरून उतरल्यावर तिचा रक्तदाब खाली जायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि बसच्या हादऱ्याने पोटात ढवळायचं. एका शुक्रवारी परतीच्या वाटेवर पारोळा सोडलं आणि तिला उलटी झाली. पिशवी काढेपर्यंत वेळच मिळाला नाही. बाकड्याखाली, माझ्या पायांवर, शेजारच्या एका माणसाच्या नव्या बुटांवरही. तो माणूस उठून उभा राहिला आणि ओरडला, "पेशंटला गाडीत कशाला आणता? दुसऱ्यांना काय त्रास! ओ ड्रायव्हर, उतरवा यांना!" त्याला काय ठाऊक. नानांनी गाडी हळूहळू बाजूला घेतली, एका चिंचेच्या झाडाखाली उभी केली आणि इंजिन बंद केलं. मग स्वतःची पाण्याची बाटली आणि पुसायचं फडकं घेऊन ते मागे आले, खाली बसले आणि सगळी गाडी बघत असताना त्यांनी ती जागा धुऊन काढली. आधी त्या माणसाचे बूट पुसले, मग फरशी, मग माझे पाय. कंडक्टर म्हणाला, "नाना, मी करतो, उठा." नाना म्हणाले, "माझी बाई आहे." त्या माणसाच्या कानावर ते पडलं असावं. तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि जळगाव येईस्तोवर हलला नाही. मायने पदराने सगळं तोंड झाकून घेतलं होतं. घरी आल्यावर नाना जेवले नाहीत. कपडे न बदलता ओट्यावर बसून राहिले आणि म्हणाले, "आपण गाडी घेऊ. आपली."

ड्रायव्हरच्या घरात मोटार ही कल्पनाच हसण्यासारखी होती, पण कोणी हसलं नाही. पैशांचं त्यांनी कसं जमवलं ते मला त्यांनी कळू दिलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांचा एक जुना सोबती होता, रशीदचाचा. पूर्वी दोघे एकाच वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेले. नंतर चाचांनी अजिंठा चौफुलीजवळ स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. नानांनी त्यांना सांगून ठेवलं, वापरलेली पण धड गाडी बघा. आठ दिवसांनी चाचांचा निरोप आला की दोन गाड्या आल्या आहेत, एक पेट्रोलची, एक डिझेलची, येऊन पसंत करा. नाना इतके हरखले की त्या संध्याकाळी त्यांनी मायसमोर बसून जेवताना घरातल्या पाटावर बोटाने रस्ता काढला: हे पाळधी, हे एरंडोल, इथे झाडाखाली थांबायचं, इथे तू पाय मोकळे करायचे.

नेमक्या त्याच आठवड्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं होतं.

माय यंत्रावर होती. मी तिच्या उशाशी बसून कॉलेजचं पुस्तक उघडून ठेवलं होतं. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "वडील आले आहेत का?" मी म्हटलं, "त्यांची गाडी स्टँडवर आहे, ते सोडून येऊ शकत नाहीत." ते म्हणाले, आईचं हृदय खूप थकलं आहे. मूत्रपिंड बदलायचं म्हटलं तरी ते ऑपरेशन आता तिला झेपणार नाही. मी विचारलं, "मग यंत्रावर किती वर्षं?" ते म्हणाले, "वर्षं नाही, बेटा. चार महिने, सहा महिने. वडिलांना घेऊन ये, मी त्यांना नीट सांगतो." मी "हो" म्हटलं. बाहेर येऊन पुन्हा तेच पान उघडून बसले.

आमच्या घरात तेव्हा सगळी आशा त्या ऑपरेशनवर होती. नानांचा रक्तगट जुळत नव्हता. माझा जुळत होता, पण मायने एकदाच आणि कायमचं सांगून टाकलं होतं की लेकीच्या अंगाला सुरी लागू देणार नाही. राहिला तिचा धाकटा भाऊ, पारोळ्याजवळच्या खेड्यात शेती करणारा माझा मामा. त्याचा गट जुळत होता. तो "बघू, पेरण्या होऊ द्या, बघू, कापूस निघू द्या" करत होता. नाना म्हणायचे, येईल, घाबरतोय, पण येईल. आणि त्या ऑपरेशनच्या दिवसांसाठी ते आपल्या रजा जपत होते. ताप आला तरी कामावर जायचे. "तेव्हा महिना-दोन महिने लागतील, सगळी रजा एकदम काढीन आणि तुझ्या मायच्या खाटेपासून हलणार नाही," असं ते मला सांगायचे. हे सगळं डोक्यात घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले होते. आज सांगेन, उद्या सांगेन म्हणत होते, आणि तेवढ्यात गाड्यांचा निरोप आला.

आम्ही तिघं रिक्षाने गॅरेजला गेलो. मायला नेऊ नका असं मी म्हटलं, पण नाना म्हणाले, "तिलाच बसायचंय, तिनेच बघायला हवी." दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पेट्रोलची फिकट हिरवी, डिझेलची पांढरी. चाचांनी मायसाठी खुर्ची मागवली, फडक्याने पुसून दिली आणि "भाभी, सावलीत बसा" म्हणाले. मग नानांकडे वळले. "नाना, तुला गाडीतलं मी काय शिकवू! एकच सवाल. रनिंग किती?"

नानांनी हिशेब तयार ठेवलेलाच होता. आठवड्याला दोन फेऱ्या धुळ्याच्या. शिवाय ऑपरेशनला लांब जावं लागेल, पुढे तपासण्या असतील. चाचा म्हणाले, "मग विचार कसला? डिझेल घे. घ्यायला महाग, देखभालीला नखरेवाली, पण रस्त्याला स्वस्त. चार-पाच वर्षं घासलीस की सगळं वसूल. हां, मात्र गाडी पळाली पाहिजे. डिझेलवाली दारात उभी राहिली तर नुकसान. कमी पळवायची असेल तर ही हिरवी बरी, आवाज नाही, कटकट नाही."

"चार-पाच वर्षं तर धरूनच चाला," नाना म्हणाले. "मी तर दहा धरतोय."

त्यांनी मायला आळीपाळीने दोन्ही गाड्यांत बसवलं. हिरवी सुरू झाली तर कळलंसुद्धा नाही. पांढरी सुरू झाली तशी सगळी खडखडली, आरशातलं आमचं प्रतिबिंब थरथरायला लागलं, आणि नानांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आयुष्यभर त्यांनी हाच आवाज ऐकला होता. माय पुढच्या सीटवर बसली होती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ती म्हणाली, "पेट्रोलनी ल्या."

"का? हादरे बसतात? अगं, रबर बदलू, गादी टाकू."

"हादरा नही. पेट्रोलनी ल्या. मन्हामांगे तुम्हले इतलं कोठे जानं शे?"

माझ्यामागे तुम्हाला एवढं कुठे जायचं आहे. नानांनी इंजिन बंद केलं नव्हतं. त्या खडखडाटात त्यांना ते ऐकू आलं की नाही हे मला त्या वेळी कळलं नाही. चाचांना आलं असावं, कारण ते खाली वाकून चाकाची हवा बघायला लागले. नानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला हाक मारली. "उजू, तू शिकलेली आहेस. तू सांग. तुझी माय पेट्रोल म्हणते, मी डिझेल म्हणतो. काय घेऊ?"

त्यांचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. कपाळावर टोपीचा वळ, दाढी दोन दिवसांची, आणि डोळ्यांत एखाद्या मुलाने जत्रेत बापाकडे बघावं तसं काहीतरी. माय काचेतून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "डिझेल."

मायने मान खाली घातली. माझ्या चेहऱ्यावरून तिला त्या क्षणी समजलं असावं की मलाही कळलेलं आहे. नानांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

पांढरी गाडी घरी आली. गल्लीतल्या बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दसरा नुकताच झाला होता, चाकांपाशी कोणीतरी राहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. साप्ताहिक सुट्टी नानांनी आता मंगळवारी मागून घेतली. शुक्रवारी त्यांनी दुपारची ड्यूटी लावून घेतली: पहाटे मायला घेऊन निघायचं, बारा-साडेबाराला यंत्रावरून उतरवायचं, तीनपर्यंत घरी आणून सोडायचं आणि तसंच कामावर जायचं, ते थेट रात्री परत. थंडीच्या दिवसांत गाडी लवकर सुरू व्हायची नाही. नाना बटण दाबून धरायचे, थांबायचे, पुन्हा दाबायचे, आणि ती सुरू झाली की आख्ख्या गल्लीला कळायचं आज मंगळवार आहे की शुक्रवार. मागच्या सीटवर नानांनी गोधडीची जाड गादी केली होती. येताना माय त्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. गाडीत तिला उलटी झाली तरी कोणी ओरडणारं नव्हतं. हे सुख खरंच मोठं होतं, आणि ते मिळवून दिल्याचा आनंद नानांच्या पाठीवरसुद्धा दिसायचा.

पण धुळ्याला पोचलं की मायला वर सोडून नाना खाली गाडीत येऊन झोपायचे. दवाखान्यासमोर एक कडुलिंब होता, त्याच्या सावलीत. शुक्रवारी पुढे ड्यूटी, मंगळवारी आठवड्याचा थकवा, झोप हवीच, आणि रजा तर काढायची नव्हती. चार तास ती वर, चार तास ते खाली. मी जिन्यावरून खाली डोकावले की गाडीच्या खिडकीतून त्यांचे बाहेर आलेले पाय दिसायचे. डॉक्टरांनी एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, "वडिलांना सांगितलंस ना?" मी म्हणाले, "सांगितलं." ते म्हणाले, "शहाणी मुलगी आहेस." या वाक्याने मला पुढे किती वर्षं छळलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

मायने मात्र मला एकदा स्पष्ट विचारलं. यंत्राच्या नळ्यांमधून तिचं रक्त फिरत होतं, तिचा हात थंड पडला होता म्हणून मी चोळत होते. ती म्हणाली, "तुले डॉक्टरनी सांगं ना?" मी मान हलवली. "माले बी माहीत शे. बाईमाणूसले समजस." मग म्हणाली, "त्यासले सांगी दे, पोरी. मन्हा तोंडमाईन निंघत नही." मी म्हटलं, सांगते. खाली आले. नाना जागे होते, दरवाजा उघडा टाकून पाय बाहेर सोडून बसले होते, आणि त्यांनी मला बघताच विचारलं, "उजू, वैशाखात नेऊ का तिला ऑपरेशनला? की पावसाळा होऊ द्यावा?" मी म्हणाले, "पावसाळा होऊ द्या." आणि परत वर गेले.

माय गेली ती एका गुरुवारी, दुपारच्या आधी. होळीला थोडे दिवस होते. तिने भाकरी टाकली होती, दुसरी परातीत थापत होती, आणि तशीच भिंतीला टेकली. मी तिला धरलं तेव्हा तिच्या हाताला ओलं पीठ होतं. तवा चुलीवर तापत राहिला. शेजारच्या काकूंनी येऊन तो उतरवला. नाना सकाळच्या ड्यूटीवर, भुसावळच्या पुढे कुठेतरी होते. कोणीतरी सायकलवर डेपोला निरोप दिला. गाडी स्टँडवर लागली, प्रवासी उतरले, तेव्हा कंट्रोलर स्वतः गाडीपाशी गेले, त्यांच्या हातातून कागद घेतले आणि म्हणाले, "नाना, घरी जा." नानांनी विचारलं, "उलटी झाली का तिला?"

दिवसकार्य आटोपलं आणि एक नवंच सुरू झालं. नाना भेटेल त्याला सांगायला लागले की थोडक्यात चुकलं, ऑपरेशन झालं असतं तर ती दहा वर्षं जगली असती, तिच्या भावाने वेळ घालवला. मामा दहाव्याला आला होता तेव्हा एका कोपऱ्यात बसून रडत होता; तो म्हणत होता, मी होळीनंतर येणारच होतो. नाना त्याच्याशी बोलले नाहीत. महिन्याभराने तो नव्या ज्वारीचं पोतं डोक्यावर घेऊन, बसस्टँडवरून चालत, घामाघूम होऊन दारात आला. नानांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "ज्या घरातून माझ्या बायकोला जीव मिळाला नाही, त्या घरचा दाणा मला नको." मामाने पोतं तसंच उचलून पुन्हा डोक्यावर घेतलं. तीन पोरांचा बाप, उन्हात काळा पडलेला माणूस, डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

तो गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन नानांना सगळं सांगितलं. उभ्या-उभ्याच. डॉक्टरांनी काय सांगितलं, केव्हा सांगितलं, मामाने दुसऱ्या दिवशी मूत्रपिंड काढून दिलं असतं तरी काही झालं नसतं, मायला ते माहीत होतं, मला माहीत होतं. नाना खाटेवर बसले होते. त्यांनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं आता हे काय करतील. ते सरळ मामाच्या मागे गेले होते. स्टँडवर त्याला गाठून, पोतं आपल्या डोक्यावर घेऊन दोघे परत आले. मामा जेवून गेला. माझ्याशी मात्र नाना आठ दिवस बोलले नाहीत.

आठव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "माझी रजा तशीच पडून राहिली, उजू."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"मी वर येऊन बसलो असतो. मी खाली झोपत होतो गं."

हे त्यांनी ओरडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते अगदी हळू, माझ्याकडे न बघता म्हटलं. मग कोरा कागद आणला आणि माझ्यापुढे ठेवला. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांचे अर्ज मीच लिहायचे. त्यांनी सांगितलं, वीस दिवसांची रजा मिळावी, कारण, पत्नी आजारी असल्यामुळे. मी पेन थांबवून वर बघितलं. ते म्हणाले, "लिही." मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली. डेपोत तो अर्ज ज्याने कोणी वाचला असेल त्याने काहीही न विचारता मंजूर केला.

त्या वीस दिवसांत नाना घराबाहेर पडले नाहीत. सकाळी अंघोळ करून मायच्या खाटेवर बसायचे, मला समोर बसवायचे आणि विचारायचे. पहिल्या दिवशी वर काय झालं, सुई टोचताना ती ओरडायची का, बाजूच्या खाटेवर कोण असायचं, ती कोणाशी बोलायची, काय बोलायची. मी आठवून आठवून सांगायचे. शिरपूरकडची एक म्हातारी शेजारच्या यंत्रावर असायची आणि दोघी लग्नातली गाणी म्हणायच्या, हे सांगितलं तेव्हा ते हसले. नर्सने एकदा मायच्या केसांची वेणी घातली होती, हे सांगितलं तेव्हा ते उठून मागच्या दारी गेले आणि बऱ्याच वेळाने आले. काही दिवसांचं मला आठवत नव्हतं, तिथे मी बनवून सांगितलं नाही. आठवत नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांनी मान हलवली. असे एकेक मंगळवार, एकेक शुक्रवार करत आम्ही सगळे वार संपवले.

विसाव्या दिवशी दुपारी जेवताना ते म्हणाले, "त्या दिवशी गॅरेजात ती काय बोलली ते मला ऐकू आलं होतं. इंजिनच्या आवाजात मला सगळं ऐकू येतं, आयुष्य तेच केलंय. मी ऐकलं नाही असं केलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तसाच हातात ठेवला. "पण तुला तर पक्कं माहीत होतं. मग तू डिझेल का म्हणालीस?"

मी म्हणाले, "मलाही पाच वर्षं हवी होती, नाना."

त्यांनी तो तुकडा ठेच्याला लावून खाल्ला, माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाले, "जेव." दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ते ड्यूटीवर गेले.